चाहूल कोणाची घ्यावी?

॥ श्रीविठ्ठल प्रसन्न ॥

श्रीपांडुरंगाच्या चरणी मस्तक ठेवून, ज्ञानोबाराय, नामदेवराय, नाथबाबा आणि तुकोबाराय यांचे स्मरण करून, आणि ज्या भूमीत हे निरूपण झाले त्या जांब गावच्या समर्थांना वंदन करून आम्ही या महिन्याच्या शब्दसेवेला आरंभ करतो.

ज्येष्ठ महिना लागला की आपल्या मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्यांना पूर्वी दोनच दिशा ठाऊक असत. एक आभाळाची, दुसरी पंढरीची. मृग लागला, आता पाऊस केव्हा? आणि ज्येष्ठ वद्य सप्तमीला नाथांची पालखी पैठणाहून निघणार, आता दिंडीची बांधाबांध केव्हा? अलीकडे तिसरी एक दिशा निघाली आहे. ती हातातल्या फोनची. ज्या घरात बारावी झालेले लेकरू आहे त्या घरात आभाळ भरून आले तरी कोणाचे वर लक्ष नसते. बाप फोन उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. माय देव्हाऱ्यापुढे बसते, पण कान ओसरीवर. आजी विचारते, "लागला का रं नंबर?" आणि लेकरू? ते भिंतीकडे तोंड करून निजलेले असते. झोप मात्र लागलेली नसते.

मंडळी, हा आजचा विषय. वैद्यकीच्या, इंजिनिअरीच्या, मोठ्या कॉलेजाच्या प्रवेशाची वाट पाहणे, आणि निकाल येण्याआधीच त्याची काही चाहूल लागते का म्हणून जीव टांगून बसणे. कोणी म्हणेल, महाराज, हा काय कीर्तनाचा विषय झाला? आम्ही म्हणतो, ज्या गोष्टीने घराची झोप गेली ती कीर्तनात आणायची नाही तर कुठे आणायची? संतांनी संसार सोडून परमार्थ सांगितला नाही. जात्यावर, मोटेवर, दुकानावर बसून सांगितला. आज जाते गेले, मोट गेली, फोन आला. विठोबा मात्र तोच आहे.

प्रथम ही वाट कशी असते ते पाहू, म्हणजे ज्यांच्या घरी अजून ती आलेली नाही त्यांनाही कळेल. वैद्यकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली. प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकले तर एक जातो. परीक्षा संपली की संपले, असे मात्र नाही. काही दिवसांनी अंतरिम उत्तरसूची निघते. लेकरू ती पुढे ठेवून आपले गुण मोजते. सूचीत चूक वाटली तर पैसे भरून आक्षेप घेता येतो. मग अंतिम सूची, मग निकाल, मग देशातला क्रमांक. त्यानंतर देशपातळीवरच्या १५ टक्के जागांची एक वाट आणि राज्याच्या ८५ टक्के जागांची दुसरी वाट. तेथे नोंदणी, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम, पहिली फेरी, दुसरी, तिसरी. इंजिनिअरीचे असेच फेऱ्यांचे रहाटगाडगे. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेशदेखील साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले, म्हणजे हे वाट पाहणे आता दहावीच्या लेकरांच्याही वाट्याला आले. अशा प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये एक रिकामी जागा असते, आणि त्या रिकाम्या जागेत चाहुली शिरतात. "यंदा कटऑफ खाली येणार म्हणे." "अमक्याच्या भाच्याला एवढ्या गुणांवर मिळाले होते." फोनवर गुण टाकले की कॉलेजाचे नाव सांगणारी यंत्रे निघाली आहेत. दहा यंत्रे, दहा उत्तरे!

आता, चाहूल घेणे हे पाप आहे काय? मुळीच नाही. आपल्या संप्रदायात तर चाहुलीला मोठा मान आहे. ज्ञानोबारायांचा कावळ्याचा अभंग आपण सारे म्हणतो. अंगणापलीकडे कावळा ओरडला, आणि पांडुरंगाच्या भेटीला आसावलेली ती विरहिणी त्या कावळ्यालाच शकुन विचारू लागली. त्याचे पाय सोन्याने मढवण्याची तिची तयारी, दहीभात देण्याची, दुधाची वाटी देण्याची तयारी. जगाने ज्याला हुसकावून लावावे त्या पाखराला तिने पाहुणा केला! वाट पाहणाऱ्या जिवाची अवस्था माउलींना पुरती ठाऊक होती. म्हणून जो बाप दिवसातून शंभरदा फोन उघडतो त्याला आम्ही हसत नाही. त्याचा कावळा फोनमध्ये बसलेला आहे, इतकेच.

परंतु एक भेद ध्यानात घ्या. ती विरहिणी कोणाची चाहूल घेते? जो तिला ओळखतो, जो येणारच आहे, त्याची. ती एवढेच विचारते की केव्हा. आपण ज्या यादीची चाहूल घेतो त्या यादीला आपले लेकरू ठाऊक नाही. तिला आसन क्रमांक ठाऊक आहे. तिला काय म्हणून दोष द्यावा? यादीचे काम मोजण्याचे. मात्र ज्याला आपली ओळख नाही त्याच्या चाहुलीवर घरातले जेवणखाण, बोलणेचालणे, हसणे चालवायचे का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आम्ही लहानपणी पाठशाळेत न्यायशास्त्राची ओळख करून घेतली तेव्हा गुरुजींनी पहिल्याच महिन्यात धूर आणि अग्नीचे उदाहरण शिकवले. डोंगरावर धूर दिसला, तेव्हा तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे. येथे धूर हा हेतू, अग्नी हे साध्य. परंतु गुरुजी लगेच विचारीत, "तो धूरच कशावरून? सकाळचे धुके नसेल कशावरून?" धुक्याला धूर समजून जो अग्नी शोधायला डोंगर चढतो, त्याचा हेतू असिद्ध. दुसरा एक दोष सव्यभिचार नावाचा. जो हेतू कधी साध्याबरोबर असतो आणि कधी नसतो, त्याच्यावर अनुमान उभे करता येत नाही. शास्त्रातल्या या दोन गोष्टी आजच्या ज्येष्ठ महिन्यात घरोघर उपयोगी पडणाऱ्या आहेत.

कशा त्या पहा. कुठून तरी फोनवर आलेली बातमी, की आज रात्री निकाल आहे, उद्या यादी आहे, कटऑफ इतका लागणार आहे, हे धुके. त्याला धूर म्हणू नये. २०२४ साली नीटचा निकाल १४ जूनला येणार असे जाहीर होते. तो आला ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी! जाहीर तारखेची ही कथा, तर मग उडत्या बातमीचे काय सांगावे?

आणि गेल्या वर्षीचा कटऑफ हा सव्यभिचारी हेतू. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळालेले दिसले. पुढे तक्रारी झाल्या, वाढीव गुण रद्द झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर धरली होती त्यांतले एकच बरोबर ठरले, आणि २६ जुलैच्या सुधारित निकालात ते ६७ चे १७ झाले. लाखो लेकरांचे गुण जाहीर झाल्यावर बदलले. २०२५ साली प्रश्नपत्रिका अवघड निघाली, आणि देशात पहिल्या आलेल्याचे गुण ६८६. खुल्या गटात पात्र ठरण्याची खालची रेघ २०२४ मध्ये १६२ होती, ती २०२५ मध्ये १४४ वर आली. ज्यांनी २०२४ चा दाखला उराशी धरून २०२५ च्या मे महिन्यात आपल्या पोराचे गुण मोजले आणि घरात रडारड केली, त्यांनी धूर पाहिला खरा, पण तो गेल्या वर्षीच्या चुलीचा!

आणखी एक शब्द नीट समजून घ्या. पात्र होणे निराळे आणि प्रवेश मिळणे निराळे. २०२५ साली सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थी नीटला बसले, त्यांतले १२ लाख ३६ हजारांवर पात्र ठरले. एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे दहा पात्र लेकरांमागे जागा एक. उरलेली नऊ लेकरे आळशी होती काय? दुर्बुद्ध होती काय? पंगतीत पाने दहा वाढली आणि भाकरी एकच होती. यात जेवणाऱ्यांच्या भुकेचा दोष कुठे आला?

मग चाहूल ऐकायचीच नाही का? ऐकावी, पण शेतकऱ्यासारखी ऐकावी. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. संध्याकाळी घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे, पिकांचे भाकीत सांगतात. दूरदूरचे शेतकरी ऐकायला जातात. पण भाकीत चांगले आले म्हणून कोणी नांगरट सोडली, किंवा वाईट आले म्हणून कोणी पाभर मोडून चुलीत घातली, असे ऐकले आहे का कोणी? ऐकतात, मान हलवतात, आणि घरी येऊन वखर हाकतात. प्रवेशाची वाट पाहणाऱ्यानेही हेच करावे. यादी आपल्या हाती नाही, कागदपत्रे आपल्या हाती आहेत. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. गुण असून केवळ वैधता प्रमाणपत्र वेळेत नाही म्हणून दारातून मागे फिरावे लागले, तर त्याचे दुःख नापास होण्याहून मोठे. तहसीलचा एक हेलपाटा हा शंभर चाहुलींपेक्षा फलदायी. उत्तरसूचीत खरोखर चूक दिसली तर मुदतीत आक्षेप नोंदवा; तो तुमचा हक्क आहे. आणि "अमुक इतके द्या, जागा पक्की करतो" म्हणून जो येईल, तो तुमच्या घरच्या धुक्यावर आपली पोळी भाजायला आलेला आहे असे समजून त्याला उंबऱ्याबाहेरूनच रामराम करा. सरकारी प्रवेश यादीनेच होतो. शेत विकून होत नाही.

जांबेला हे इतके बोलून झाले आणि निरूपण संपल्यावर एक गृहस्थ पुढे आले. मोसंबीचे बागाईतदार. आपला जालना जिल्हा मोसंबीचा, हे सांगायला नको. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"माउली, पोरीची पत्रिका आणलीय. दोन वर्षं लातूरला ठेवली होती. लागंल का नंबर, तेवढं बघा."

आम्ही कागद हातात घेतला नाही. विचारले, "पोर कुठे आहे?"

"घरीच हाय. खोलीतून बाहेर येईना."

"जेवली का आज?"

गृहस्थ आपल्या पत्नीकडे पाहू लागले. त्या माउलीने पदर डोळ्यांना लावला.

आम्ही म्हटले, "बाबा, तुम्ही बागाईतदार. बहार धरायचा तर झाडाला काय करता?"

ते म्हणाले, "ताण देतो. पाणी तोडतो."

"किती दिवस?"

"जमीन बघून. पानं बघत राहायचं. पानं मलूल झाली, पिवळी पडायला लागली, काही गळाली, की बास. मग खत द्यायचं, आंबवणीचं हलकं पाणी द्यायचं, मग चिंबवणीचं."

"आणि ताण तसाच ठेवला तर?"

"झाड वाळतं की, महाराज."

"मग पोरीला दोन वर्षे ताण दिला. बहार यायचा तो येईल. आता पाणी कोण द्यायचे? पानाकडे कोण पाहायचे?"

त्यांनी तो कागद परत खिशात ठेवला. म्हणाले, "रोज बघतो तिच्याकडं. पण निकालाचंच विचारतो." पुढे काही आम्हाला बोलावे लागले नाही.

श्रोतेहो, आमच्या सांगण्याचा गाभा तो हाच. आपण यादीची चाहूल घेतो. त्याच वेळी घरातले लेकरूही एक चाहूल घेत असते. कोणाची? आपल्या चेहऱ्याची. बाप फोन ठेवताना कपाळाला आठी पडली का? आईने शेजारणीला काय सांगितले? आज ताटात वाढताना आवाज बदलला का? यादी लागायला दोन महिने आहेत, पण लेकराला निकाल रोज कळतो आणि तो आपल्या डोळ्यांत लागलेला असतो. "माझा नंबर नाही लागला तर या घरात माझी जागा राहील का?" हा त्याचा खरा प्रश्न. तो कोणत्याही परीक्षेत छापलेला नसतो, आणि त्याचे उत्तर देणारी उत्तरसूची आईबापांजवळच असते.

ही गोष्ट थोरामोठ्यांनी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ या एका वर्षाचा आकडा दिला आहे. त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्यांतले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. कारणे प्रत्येकाची निराळी असतील, सगळ्यांचे खापर परीक्षेवर फोडणे बरोबर नाही. पण ज्ञानोबा-तुकोबांच्या राज्यात एवढी लेकरे उठून जावीत, आणि आपण टाळ वाजवीत पुढे चालावे, हे कसे चालेल?

येथे आळंदीच्या लेकरांची आठवण आल्यावाचून राहत नाही. प्रवेशासाठी कागद मागायला निघालेली ती चार लेकरे आपल्या संप्रदायाचे मूळ आहेत. संन्याशाची मुले म्हणून समाजाने त्यांना बाहेर ठेवले. परंपरा सांगते की ब्रह्मवृंदाने विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले; आणि आपण गेलो तर मुलांना आत घेतील या आशेने त्या मायबापांनी देह ठेवला. पुढे काय झाले? दार उघडले का? नाही! लेकरांना सांगण्यात आले, पैठणला जा आणि शुद्धिपत्र घेऊन या. आईबाप गेले, आणि कागद तो कागद मागायचा राहिलाच. पोरकी लेकरे गोदेच्या काठाने पैठणला आली. जांबेहून पैठण काही फार लांब नाही. याच गोदावरीच्या खोऱ्यातली ही कथा आहे.

ही कथा आम्ही अनेक वर्षे सांगत आलो आणि श्रोते अनेक वर्षे रडत आले. आता नुसते रडून भागायचे नाही. तिच्यातला बोध आज फार स्पष्ट बोलला पाहिजे. देह टाकल्याने दार उघडत नाही. बापाने टाकल्याने नाही, लेकराने टाकल्याने तर नाहीच नाही. देह राहिला म्हणून निवृत्तिनाथ ज्ञानोबांचे गुरू झाले, देह राहिला म्हणून शके १२१२ मध्ये नेवाशाला खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, देह राहिला म्हणून रुसलेल्या दादाच्या ताटीपाशी मुक्ताई बोलली. पैठणच्या त्या कागदावर काय लिहिले होते ते आज किती वारकऱ्यांना पाठ आहे? आणि ज्ञानेश्वरीच्या ओव्या किती जणांना पाठ आहेत? म्हणून ज्या लेकराच्या मनात अंधार दाटला असेल त्याने एकट्याने खोलीत बसू नये. आईला सांगावे, मित्राला सांगावे, गुरुजींना सांगावे. सरकारने २०२२ पासून टेलिमानस म्हणून फोनची सेवा ठेवली आहे. क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्री केव्हाही लावावा, पैसे पडत नाहीत. आईबापांनीही लावावा. यात कमीपणा नाही. वाट चुकलेला वारकरी दिंडीचा झेंडा कुठे म्हणून विचारतोच की नाही?

आता जांबेची गोष्ट. घनसावंगी तालुक्यातले हे गाव वाट पाहण्यात मुरलेले आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये समर्थांच्या देवघरातल्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा ऑक्टोबरअखेर त्या सापडेपर्यंत गावाने कशी वाट पाहिली ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पण त्याहून मोठी वाट याच गावात चारशे वर्षांपूर्वी एका आईने पाहिली. सूर्याजीपंत ठोसरांची पत्नी राणूबाई. शके १५३०, म्हणजे १६०८ साली, रामनवमीला तिच्या पोटी नारायण जन्मला. तिने बाराव्या वर्षी त्याचे लग्न ठरवले. अंतरपाट धरला, सावधान हा शब्द कानी पडला, आणि मुलगा बोहल्यावरून निघून गेला. बारा वर्षे नाशिकजवळ टाकळीला तप, पुढे बारा वर्षे तीर्थाटन. चोवीस वर्षे! पत्र नाही, निरोप नाही, यादी नाही, फेरी नाही. परंपरा म्हणते, रडून रडून त्या माउलीची दृष्टी गेली.

आणि एके दिवशी दारात गोसावी उभा राहिला. रघुवीराचा घोष झाला. आता पहा, राणूबाई कोणाची वाट पाहत होती? मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाची. आला कोण? जटा वाढलेला, झोळी घेतलेला बैरागी. डोळ्यांनी पाहिले असते तर कदाचित ओळख पटली नसती. पण तिने आवाज ओळखला. वेष तिच्या मनातला नव्हता, लेकरू मात्र तिचेच होते. आणि तिने त्याला त्याच वेषात पोटाशी धरले.

मायबापहो, आपणही लेकराची एका ठरलेल्या वेषात वाट पाहतो. गळ्यात डॉक्टरची नळी, अंगात पांढरा कोट. त्या वेषात आले तर आनंदच आहे. जालन्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले. २०२४ साली १०० जागांनी ते सुरू झाले. एके काळी या भागातल्या लेकराला ही सोय नव्हती. ती आपली लेकरे तेथे शिकोत, गोरगरिबांची सेवा करोत, हाच आमचा आशीर्वाद. पण यादीतून परिचारिका निघाली, औषधशास्त्राचा विद्यार्थी निघाला, शेतकीचा पदवीधर निघाला, आयटीआयचा वीजतंत्री निघाला, किंवा पुन्हा एक वर्ष अभ्यास करतो म्हणणारा निघाला, तर दारातल्या त्या गोसाव्याला परत धाडू नका. वेष पाहू नका. आवाज ओळखा.

वारकऱ्याला तर हे शिकवावे लागू नये. आषाढीला पंढरीत लाखो माणसे जमतात. सगळ्यांना पदस्पर्श होतो का? बारीत तासन्‌तास उभे राहून कोणी पायांपर्यंत पोचतो, कोणाला मुखदर्शन होते, आणि असंख्य वारकरी महाद्वारासमोरून कळसाला हात जोडून परत फिरतात. त्यांची वारी झाली नाही असे आजवर कोणी म्हटले आहे काय? घरी आल्यावर गावकरी त्यांच्याही पाया पडतात. कळस पाहिला तो पोचला, अशी आपल्या संप्रदायाची समजूत. दोन वर्षे पहाटे उठून जे लेकरू इमानाने चालले, त्याची वारी घडली. गाभाऱ्यात शिरायला मिळाले की नाही, हा बारीच्या लांबीचा प्रश्न आहे. तेव्हा निकालाच्या दिवशी, तो कसाही लागो, त्या लेकराची वारी झाली म्हणून त्याच्या हातावर साखर ठेवा.

शेवटी एकच सांगतो. जगात वाट पाहणारे पुष्कळ आहेत, पण सर्वांत थोर वाट पाहणारा कोण? पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत बसला होता. देव दारात आला. पुंडलिकाने वीट भिरकावली आणि म्हटले, थांब. देव थांबला! अठ्ठावीस युगे झाली, अजून थांबला आहे. कसा थांबला आहे ते पंढरीत पाहून या. पाय जोडलेले, म्हणजे इकडून तिकडे येरझाऱ्या नाहीत. हात कमरेवर, म्हणजे कोणावर उगारलेले नाहीत. दृष्टी सम. जो पोथी वाचून आला त्याच्याकडे आणि जो अडाणी आला त्याच्याकडे एकाच नजरेने पाहणारी. पुंडलिकाचा कितवा क्रमांक आला हे त्याने कधी विचारले नाही.

आई आणि बाप या दोन माणसांनी प्रवेशाच्या या दोन-तीन महिन्यांत असे विटेवर उभे राहायला शिकावे. लेकराच्या खोलीच्या दारात उभे राहावे. येरझाऱ्या नकोत, हात उगारणे नको, आणि यादी लागण्यापूर्वी जी नजर तीच यादी लागल्यावर. सांजेला फोन बाजूला ठेवून घरात पाच मिनिटे हरिपाठ म्हणावा. नंबर लागावा म्हणून नवस नको. लेकराला शेजारी बसवावे, त्याच्या हाती टाळ द्यावा, आणि हरिपाठ झाल्यावर सर्वांनी मिळून एकत्र जेवावे. त्या पंगतीत निकालाचा शब्द काढू नये. मग लेकराने आपल्या चेहऱ्यावरून जी चाहूल घ्यायची ती घेऊ द्या. त्याला कळू द्या की या घरात त्याची जागा पहिल्याच फेरीत, जन्मल्या दिवशीच पक्की झालेली आहे.

सर्व लेकरांचे कल्याण होवो, सर्व मायबापांना धीर येवो, एवढे मागणे पांडुरंगापाशी मागून ही सेवा त्याच्याच चरणी ठेवतो.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥